गाडीबरोबर येणारा माणूस

जुनी गाडी विकणं अवघड नसतं. गाडी बिचारी एका जागी उभी असते, काही बोलत नाही. अवघड असतो तो गिऱ्हाइकाबरोबर येणारा माणूस. हैदराबादच्या नारायणगुड्यात मी पस्तीस वर्षं जुन्या गाड्यांचा धंदा केला आणि माझं जे काही रक्त आटलं ते या माणसापायी. एकदा पावसाच्या पाण्यात माझं अख्खं आवार बुडालं, चार गाड्यांत गुडघाभर चिखल शिरला. त्याचासुद्धा मला इतका ताप झाला नाही.

या माणसाला धंद्यात आम्ही जाणकार म्हणायचो. आपला मराठी माणूस जुनी गाडी घ्यायला एकटा कधी येत नाही. त्याला गाडी आवडलेली असते, बायकोला रंग आवडलेला असतो, मुलं मागच्या सीटवर बसून भांडायलाही लागलेली असतात. आणि मग तो म्हणतो, उद्या आमच्या एका माणसाला दाखवतो. हा माणूस कधी मामा असतो, कधी शेजारी, कधी ऑफिसातला ड्रायव्हर. अलीकडे पुतण्या येऊ लागला होता, संगणकावर काम करणारा. तो मोबाइलवर व्हिडिओ लावून गाडीखाली डोकं घालायचा आणि सायलेन्सरला गिअरबॉक्स म्हणायचा. मी आपला बरं म्हणायचो.

जाणकाराची अडचण समजून घ्या. त्याला मान देऊन आणलेलं असतं. 'गाडी उत्तम आहे' एवढंच म्हणून तो परत गेला, तर त्याला आणलं कशाला? काहीतरी खोट काढल्याशिवाय त्याचं समाधान होत नाही. खरी सापडली नाही तर तो खोटी काढतो, आणि ती फार वाईट. एक जाणकार माझ्या अगदी धडधाकट गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "हिचं लक्षण बरं दिसत नाही." आता लक्षण कुठल्या गॅरेजात नेऊन दुरुस्त करायचं? ती गाडी पुढे पाच महिने उभी राहिली.

म्हणून आम्ही दलाल एक गोष्ट करायचो. आवार बंद करून वर्ष झालं, आता सांगायला हरकत नाही. विकायला ठेवलेल्या प्रत्येक गाडीत एक बारीकसा बिघाड मुद्दाम ठेवायचा. हॉर्नची वायर सैल करायची, वायपर खरखरेल असा ठेवायचा, एखाद्या दाराचा खटका घट्ट करायचा. जाणकार येतो, त्याला तो सापडतो, तो गिऱ्हाइकाकडे विजयी मुद्रेनं बघतो. मी कपाळाला हात लावतो आणि आमच्या मस्तान मेकॅनिकला हाक मारतो. मस्तान पाच मिनिटांत ते ठीक करतो, "हौ सेठ, साहब की नजर बहुत तेज है" म्हणतो, आणि गाडी विकली जाते. यात कुणाची फसवणूक नव्हती, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

आधीच आमच्या गावात गाडी विकायला दिवस उरतात किती! तेलुगू गिऱ्हाईक आषाढात गाडी घेत नाही, मुसलमान गिऱ्हाईक सफर महिन्याच्या पहिल्या तेरा दिवसांत घेत नाही, आपला माणूस पितृपक्षात घेत नाही. शिवाय रोजचा राहुकाळ आहेच. एवढ्यातून वाचून जो दिवस हाती लागायचा, त्या दिवशी माझ्या आवारात जाणकार म्हणून कोण यावं? माझे सख्खे मेहुणे.

भाऊसाहेब म्हणजे मंगलचे, माझ्या बायकोचे, थोरले बंधू. चिक्कडपल्लीचं जुनं घराणं. आजोबा वकील, वडील शाळेचे हेडमास्तर, स्वतः भाऊसाहेब सरकारी हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. त्या घरानं मला मुलगी दिली तेव्हा मी एका कंपनीत कारकून होतो. पुढे मी गाड्यांची दलाली सुरू केली ते त्यांना पचलं नाही. मात्र आमच्या ओळखीच्या दहा-बारा मराठी घरांत कुणालाही जुनी गाडी घ्यायची असली की जाणकार म्हणून भाऊसाहेबच जायचे. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. आयुष्यभर सायकल आणि मग बस. पण त्यांना इंजिन ऐकायला यायचं, अशी त्यांची ख्याती होती.

गाडी चालू करायला सांगायचे, बॉनेटवर हात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सगळ्या आवाराला गप्प बसवायचे. रस्त्यावरच्या फळवाल्यालासुद्धा. दोन मिनिटांनी डोळे उघडून म्हणायचे, "जावईबापू, पट्टा सैल आहे." आणि तो असायचाच सैल, कारण मीच तो सैल केलेला असायचा. ते कानाचे, म्हणून त्यांच्यासाठी मी नेहमी आवाजाची खोट ठेवत असे.

एवढ्यावर भागलं असतं तर मी त्यांना हारही घातला असता. पण दर रविवारी ते आमच्याकडे जेवायला यायचे, आणि वरणभात कालवता कालवता आठवड्यात पाहिलेल्या माझ्या गाड्यांची दुसरी यादी सुरू करायचे. त्या निळ्या गाडीचा रेडिएटर एकदा बघून घ्या. त्या लाल गाडीचा क्लच संपत आलाय. माझ्याच घरात, माझ्याच पाटावर बसून. गिऱ्हाइकासमोर नाक कापून पोट भरलं नाही म्हणून हे इथे येतात, असं मी मंगलला म्हणायचो. ती त्यांना आणखी एक पोळी वाढायची.

या सगळ्यात सुजाता आली. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट.

सुजाता एका सरकारी दवाखान्यात नर्स. वडील नांदेडकडचे, बँकेत शिपाई म्हणून लागले आणि कॅशियर होऊन निवृत्त झाले. बरीच वर्षं हैदराबादेत होते. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार असं आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागायचं. जाताना ऑटो मिळायचा. येताना म्हाताऱ्याच्या अंगात त्राण नसायचं, कधी उलटी व्हायची. एका ऑटोवाल्यानं दोघांना अर्ध्या वाटेत उतरवलं होतं आणि ती वडिलांचं डोकं मांडीवर घेऊन एका बंद दुकानाच्या पायरीवर तासभर बसली होती. तेव्हा तिनं ठरवलं की गाडी घ्यायची. ड्रायव्हिंग शिकली, चार वर्षांची शिल्लक काढली आणि माझ्याकडे आली.

माझ्याकडची राखाडी गाडी तिला पसंत पडली. मी सवयीनं विचारलं, कुणाला दाखवायची आहे का? ती म्हणाली, "माझ्याकडं गाडीतलं कळणारं कुणी नाही, काका." भाऊसाहेब त्या वेळी खुर्चीवर बसून माझा पेपर वाचत होते. त्यांची ही सेवा आजवर आमच्या त्या दहा-बारा घरांच्या बाहेर गेली नव्हती आणि सुजाता त्यातली नव्हती. पण तिचं मराठी कानावर पडलं की काय कोण जाणे, ते उठून म्हणाले, "मी पाहतो, बाळ." आता वाटतं, तिचं बोलणं त्यांना ऐकू गेलंच नसावं. तिचा चेहराच त्यांनी वाचला असावा.

गाडी चालू केली. राखाडी गाडीचा पट्टा, म्हणजे फॅन बेल्ट, मी इतका सैल ठेवला होता की तो किंचाळला. शेजारच्या इस्त्रीवाल्यानं मान वर करून पाहिलं. मी कपाळाला हात लावायच्या तयारीत उभा. भाऊसाहेबांनी बॉनेटवर हात ठेवला, डोळे मिटले, दोन मिनिटं तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "आवाज अगदी स्वच्छ आहे."

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. पण भाऊसाहेब थट्टा करत नाहीत. पट्टा ओरडतच होता आणि ते समाधानानं मान हलवत होते. सुजाताला वाटलं असेल, जुन्या गाड्या अशाच ओरडतात. मस्ताननं माझ्याकडे पाहिलं, मी मस्तानकडे पाहिलं. भाऊसाहेबांना ऐकू येत नव्हतं. बरं, हे आजवर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, तर त्यांना दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवयच नव्हती. ते बोलायचे आणि आम्ही ऐकायचो.

खरी पंचाईत पुढे झाली. सुजाता हुशार मुलगी, एकाच ठिकाणी बघून घेणाऱ्यातली नव्हे. ती भाऊसाहेबांना घेऊन आबिड्सच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या एका दलालाकडे गेली. तिथे एक पांढरी गाडी होती, माझ्या गाडीपेक्षा दोन वर्षांनी नवी, चकचकीत, वर स्वस्त. भाऊसाहेबांनी तिच्यावरही हात ठेवला आणि तिचाही आवाज स्वच्छ निघाला. दोन्ही सारख्याच चांगल्या म्हटल्यावर स्वस्तातली कोण सोडेल? तिनं मला फोन करून नम्रपणे सांगितलं की ती पांढरी घेते आहे. शनिवारी ताब्यात घेणार. तिला ना राहुकाळ होता ना अमावस्या, तिला फक्त सुट्टीचा दिवस हवा होता.

नवी गाडी आणि स्वस्त, हे माझ्या डोक्यात घोळत राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानं उघडायच्या वेळी मी आबिड्सला गेलो. आम्ही दलाल एकमेकांच्या गाड्या घेतो, त्यामुळे बघायला गेलं तर कुणी हरकत घेत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो, जुनी गाडी नेहमी थंड असताना चालू करून बघावी. तुम्ही पोचायच्या आत बॉनेट गरम असेल तर कुणीतरी काहीतरी लपवतंय असं समजावं. मी गेलो तेव्हा गाडी रात्रभराची थंड होती. चाबी फिरवली आणि आतून टक टक टक ऐकू आलं, कुणी दार ठोठावावं तसं. बेअरिंग गेलेलं. वर घट्ट तेल ओतलेलं, त्यामुळे गरम झाल्यावर आवाज दबायचा. असं इंजिन महिना चालेल, दोन महिने चालेल, आणि मग एखाद्या फ्लायओव्हरच्या मधोमध जाम होऊन बसेल. मागच्या सीटवर डायलिसिस करून आलेला म्हातारा असेल आणि पुढे ही मुलगी.

मी सुजाताला फोन करून सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "काका, तुम्ही असंच म्हणणार ना. तुमची गाडी राहून जाते." तिचं काय चुकलं? पस्तीस वर्षांत मी स्वतः दुसऱ्या दलालाच्या गाडीबद्दल एक चांगला शब्द बोललो नव्हतो. ती पुढे म्हणाली की त्या काकांनी ऐकलीय गाडी, त्यांचं काही त्यात जात नाही. म्हणजे तिला थांबवू शकणारा माणूस जगात एकच होता, आणि त्याला कान नव्हते.

घरी येऊन मंगलवर चिडलो. तुझ्या भावाला ऐकू येत नाही, म्हटलं. ती भाजी निवडत होती, तिनं मान वर केली नाही. म्हणाली, मला माहीत आहे, गेल्या दिवाळीपासून. मग मला का नाही सांगितलंस? "त्याच्याशी समोर बसून बोललं की त्याला सगळं कळतं," ती म्हणाली. "तुम्ही दादासमोर बसून कधी बोललात?"

मी नव्हतो बोललो. पाटावर शेजारी बसायचो, आवारात त्यांच्या पाठीमागे उभा राहून तोंड वाकडं करायचो. त्या दिवशी चिक्कडपल्लीला त्यांच्या घरी गेलो, खुर्ची ओढून त्यांच्या अगदी पुढ्यात बसलो. कसं सुरू करावं ते कळेना, म्हणून सरळ म्हणालो, "भाऊसाहेब, त्या राखाडी गाडीचा पट्टा ओरडत होता."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "वर्षभर हाताला जाणवेल त्यावरून सांगतोय. या वेळी काही जाणवलं नाही, मला वाटलं, तुम्ही काही ठेवलंच नाही."

"ठेवलं नाही म्हणजे?"

"जावईबापू, तुमच्या प्रत्येक गाडीत मला एकच दोष सापडतो आणि तुमचा मस्तान तो पाच मिनिटांत दुरुस्त करतो. इतकी वर्षं. मी हिशेबखात्यात होतो हो."

ते म्हणाले, "मंगलचं घर त्यावर चालत होतं. तुम्ही ठेवलेला दोष लोकांसमोर सांगायचो. खरा दोष तुम्हाला घरी सांगायचो, जेवताना."

म्हणजे माझ्या पाटावर बसून दर रविवारी जी यादी ते वाचायचे, ती खऱ्या दोषांची होती. गिऱ्हाइकाच्या हाती गाडी जाण्याआधी मी ते दुरुस्त करीन या भरवशावर सांगितलेली. त्यातलं बहुतेक मी दुरुस्त केलं, चिडून, दात ओठ खात का होईना. बहुतेक म्हणतो, सगळं नाही. त्या निळ्या गाडीचा रेडिएटर मी पाहिला नव्हता. ती एका संगीत शिक्षकानं नेली आणि पहिल्याच उन्हाळ्यात, देवदर्शनाला निघालेल्या सगळ्या कुटुंबासकट रस्त्यात उकळली. त्यांनी मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. भाऊसाहेबांनीही पुढच्या रविवारी तो विषय काढला नाही. मला आजही त्या शिक्षकासमोर जायची लाज वाटते.

मग पांढऱ्या गाडीचं सांगितलं. सावकाश, त्यांना ओठ दिसतील असं. बेअरिंग म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा उतरला. "बॉनेट गरम होतं," ते म्हणाले. "हाताला लागलं होतं. वाटलं, नुकतीच कुणी फिरवून आणली असेल." आपल्या तळहाताकडे बघत बसले.

मी एक तोड सुचवली. सुजाताला म्हणायचं की पुन्हा जाऊन ऐकली, आता टकटक येतेय, घेऊ नकोस. कानाचा विषय काढायची गरजच नाही. गावात ज्या माणसाच्या कानाला एवढा मान, त्यानं आपल्या तोंडानं असं का सांगावं? मला खरंच त्यांची इज्जत राखायची होती. पण ते नको म्हणाले. "आणि पुढल्या महिन्यात दुसरं कुणी मला घेऊन जाईल, तेव्हा?" मग म्हणाले, "शनिवारी तिला तुमच्या आवारात बोलवा."

शनिवारी सकाळी सुजाता आली, जरा घुश्शातच. आबिड्सला जायच्या वाटेवर पाच मिनिटं थांबेन, असं तिनं फोनवरच बजावलं होतं. आवारात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, दोन्ही आमच्या ओळखीच्या घरांतली, आणि दोघंही भाऊसाहेबांची वाट बघत थांबलेली. मी म्हटलं, आत ऑफिसात बसू. भाऊसाहेब बाहेरच उभे राहिले.

"बाळ, मला ऐकू येत नाही," ते सगळ्यांसमोर म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मोठा. "वर्ष झालं. त्या दोन्ही गाड्यांचं मी तुला जे सांगितलं ते न ऐकता सांगितलं. पांढरीचं इंजिन गेलेलं आहे. ती घेऊ नको."

सुजाता नर्सच ती, त्यांच्या समोर येऊन उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "मग आता मी कुणाला विचारू, काका?"

त्यांनी माझ्याकडे बोट केलं. ती म्हणाली, "ते तर विकणारे आहेत."

"गाडीत काय आहे ते विकणाऱ्यालाच माहीत असतं," भाऊसाहेब म्हणाले. "ते सांगतील. मी इथं उभा आहे."

पस्तीस वर्षांत मला कुणी असं कोंडीत पकडलं नव्हतं. मी तिला जरा बाजूला घेऊन हळूच सांगायला लागलो, कारण ती दोन गिऱ्हाइकं कान टवकारून उभी होती. लगेच भाऊसाहेब कानामागे हात धरून म्हणाले, "मोठ्यानं. मलाही कळू द्या."

झालं. भर सकाळी, माझ्याच आवारात, मी माझ्याच गाडीचे दोष ओरडून सांगितले. पट्टा मी सैल केलाय. पुढचा डावा शॉकअप गळतोय. मागून ठोकलेली आहे, बंपरचा रंग नवा आहे. एसी मे महिन्यात पुरणार नाही. क्लच आणखी वर्षभर. एकेक दोष भाऊसाहेब माझ्या तोंडाकडे बघून ताडून घेत होते आणि मान हलवून 'पुढे' अशी खूण करत होते. इस्त्रीवाला इस्त्री बाजूला ठेवून ऐकत होता. ती दोन गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघून हळूच सटकली आणि पुन्हा आली नाहीत. मस्तान डोक्याला हात लावून बसला.

सुजातानं पर्समधून वही काढून सगळं लिहून घेतलं. मग एवढंच विचारलं, "बाबांना येताना आडवं होता येईल का?"

पुढची डावी सीट पूर्ण मागे जाते, मी म्हणालो, आणि दाखवायला खटका ओढला. खटका हलेना. हा मी ठेवलेला नव्हता, हा मला माहीतच नव्हता. तेही ओरडून सांगितलं.

मस्तानला तो खटका सोडवायला तासभर लागला. ऊन चढलं होतं. मी खुर्ची दिली, पण भाऊसाहेब बसले नाहीत, गाडीपाशीच उभे राहिले. सीट एकदाची मागे गेली तेव्हा त्यांनी चपला काढल्या, आत शिरले आणि एखाद्या आजारी माणसासारखे पाय लांब करून तिच्यावर आडवे झाले. बराच वेळ पडून राहिले. मग मान वळवून सुजाताकडे पाहिलं.

"घे," ते म्हणाले.